हाय-लिफ्ट कॅमसाठी व्हॉल्व्ह स्प्रिंगची निवड: नव्याने शिकणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

हाय-लिफ्ट कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह मूळपेक्षा अधिक उघडणारा कॅमशाफ्ट, बसवायचे ठरले की बहुतेकांचे सगळे लक्ष कॅमकडे जाते, आणि व्हॉल्व्ह स्प्रिंगांचा विचार हेड उघडून टेबलावर आल्यानंतर ‘आता याच बसवायच्या की नव्या आणायच्या’ एवढ्या प्रश्नापुरताच होतो. प्रत्यक्षात कॅमची निवड आणि स्प्रिंगची निवड हा एकच निर्णय आहे, कारण कॅम व्हॉल्व्हला फक्त उघडू शकतो. त्याला वेळेवर आणि कॅमच्याच आकाराबरहुकूम परत आणण्याचे काम सर्वस्वी स्प्रिंगचे असते. पुण्यात इंजिनिअरिंगला शिकणारी आणि रॅली किंवा ड्रॅगसाठी जिप्सी, जुनी सिटी किंवा बुलेट तयार करू पाहणारी मुले याबाबत हमखास एक समज घेऊन येतात, तो असा की स्प्रिंग जितकी कडक तितकी चांगली. हा समज महागात पडतो. स्प्रिंग कडकपणा पाहून निवडायची नसते. आधी हेडमधली जागा मोजायची, मग लागणारे बळ काढायचे आणि त्या बळाला पुरून थोडी उरेल अशी, शक्य तितकी हलकी स्प्रिंग घ्यायची. पुढील सर्व विवेचन या क्रमाने केले आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ नुसार नोंदणीकृत वाहनात उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरतील असे बदल करता येत नाहीत. त्यामुळे येथे सांगितलेले काम ट्रॅकवर, रॅलीत किंवा अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर होणाऱ्या ड्रॅगसारख्या स्पर्धांत उतरणाऱ्या गाडीचे आहे, असे धरून चालावे.

स्प्रिंगला नेमके काय करावे लागते

कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो. कॅमच्या चढणीवर व्हॉल्व्ह वेगाने ढकलला जातो आणि कॅमचा माथा जवळ येताच त्याने थांबून मागे फिरावे, अशी अपेक्षा असते. व्हॉल्व्ह, रिटेनर (स्प्रिंगचे वरचे टोक धरणारी टोपी), व्हॉल्व्ह लॉक (रिटेनरला व्हॉल्व्हच्या दांडीवर अडकवणारे तुकडे) आणि रॉकर (कॅमची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत नेणारी तरफ) यांच्या वस्तुमानाला मात्र आहे त्या दिशेने पुढे जायचे असते. या वेळी त्यांना कॅमला चिकटवून ठेवणारे बळ फक्त स्प्रिंगचे असते. ते अपुरे पडले की रॉकर किंवा टॅपेट (कॅमवर टेकून हलणारा भाग) कॅमपासून सुटतो, व्हॉल्व्ह क्षणभर स्वतःच्या मर्जीने हवेत राहतो, आणि यालाच व्हॉल्व्ह फ्लोट म्हणतात. म्हणजे फ्लोटची सुरुवात चढणीवर होत नाही, ती माथ्याच्या आसपास होते. म्हणूनच व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असतानाचे स्प्रिंगचे बळ इतके महत्त्वाचे ठरते.

दुसरे काम व्हॉल्व्ह बंद होतानाचे आहे. सीटवर, म्हणजे व्हॉल्व्ह बंद होताना हेडमध्ये ज्या कडेवर टेकतो तिच्यावर, आपटलेला व्हॉल्व्ह पुन्हा उसळू नये यासाठी बंद स्थितीतही पुरेसे बळ लागते. ते कमी असेल तर व्हॉल्व्ह सीटवर एकदा, कधी दोनदा उसळतो, कॉम्प्रेशन गळते आणि काही काळाने सीट व व्हॉल्व्हची कड दोन्ही खराब होतात.

आरपीएम वाढले की जडत्वाचे बळ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, ही बाब नवख्यांनी मनात पक्की ठसवावी. ७००० वरून ८००० आरपीएमला जाताना वेग सुमारे १४ टक्क्यांनीच वाढतो, पण स्प्रिंगवरची मागणी सुमारे ३१ टक्क्यांनी वाढते. ‘अजून फक्त हजार आरपीएम’ ही मागणी म्हणूनच लहान नसते. फॉर्म्युला वनमध्ये रेनॉने १९८६ साली धातूच्या स्प्रिंगा बाजूला ठेवून दाबाखालच्या वायूवर चालणारी व्यवस्था आणली, तीही याच अडचणीतून.

पहिली पायरी: कॅमचे कार्ड आणि गाडीचा वापर

कॅमसोबत आलेल्या कार्डावर व्हॉल्व्ह लिफ्ट (व्हॉल्व्ह किती मिमी उघडतो), ड्युरेशन (तो किती अंशांपर्यंत उघडा राहतो), टॅपेटची फट (व्हॉल्व्ह बंद असताना ठेवायची मोकळी जागा) आणि बहुधा शिफारस केलेल्या स्प्रिंगचे बळ दिलेले असते. ही शिफारस असेल तर तीच आधार मानावी, कारण कॅमचा उतार किती तीव्र आहे हे कॅम घडवणाऱ्याइतके दुसऱ्या कोणाला माहीत नसते. सारखीच लिफ्ट असलेले दोन कॅम स्प्रिंगकडून अगदी वेगळी मागणी करू शकतात: ज्याचे ड्युरेशन कमी, त्याला तीच उंची कमी अंशांत गाठायची असल्यामुळे त्याची मागणी अधिक असते.

कार्डावरची लिफ्ट कॅमची आहे की व्हॉल्व्हची, हे आधी तपासावे. रॉकर असलेल्या इंजिनात कॅमची लिफ्ट रॉकरच्या गुणोत्तराने गुणून त्यातून टॅपेटची फट वजा केल्यावर व्हॉल्व्हची लिफ्ट मिळते. ६.८ मिमी कॅम लिफ्ट, १.५ गुणोत्तर आणि ०.१५ मिमी फट असेल तर व्हॉल्व्ह १०.०५ मिमी उघडतो. शक्य असेल तेथे डायल गेज लावून प्रत्यक्ष लिफ्ट मोजावी. कार्ड आणि इंजिन यांच्यात थोडाफार फरक निघणे ही नेहमीची बाब आहे.

आपल्याकडे नव्या कॅमऐवजी मूळ कॅमच ग्राइंड करून घेण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर आहे. अशा वेळी लिफ्ट वाढते ती कॅमचे मूळ वर्तुळ लहान करून. त्यामुळे टॅपेटची जास्तीची फट भरून काढावी लागते, रॉकरचा कोन बदलतो, आणि बकेट प्रकारच्या इंजिनात (जिथे कॅम व्हॉल्व्हवरच्या वाटीसारख्या टॅपेटला थेट दाबतो) अधिक जाड शिम, म्हणजे फट भरणारी चकती, लागते. ग्राइंड केलेल्या कॅमसोबत कार्ड मिळत नसेल तर ग्राइंड करणाऱ्याकडून निदान लिफ्ट आणि ड्युरेशनचे आकडे लिहून घ्यावेत. आकडे न देणाऱ्या ठिकाणी कॅम टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

याच पायरीवर इंजिन जास्तीत जास्त किती आरपीएमला चालवायचे, ते ठरवून कागदावर लिहावे. हा आकडा ठरल्याशिवाय पुढचा कोणताही हिशेब करता येत नाही.

दुसरी पायरी: हेडमधली जागा मोजणे

सगळ्या कामात सर्वाधिक वेळ या पायरीला द्यावा. येथे तीन अंतरे मोजायची असतात आणि तिन्ही प्रत्येक व्हॉल्व्हवर स्वतंत्रपणे मोजायची असतात, कारण एकाच हेडमधल्या दोन जागांतही फरक निघतो.

पहिले अंतर म्हणजे बसवलेली उंची. व्हॉल्व्ह बंद असताना हेडमधल्या स्प्रिंगच्या बैठकीपासून रिटेनरच्या ज्या पायरीवर स्प्रिंग टेकते तिथपर्यंतचे हे अंतर असते. ते मोजताना स्प्रिंग काढून ठेवावी, व्हॉल्व्ह, रिटेनर आणि लॉक जागेवर बसवावेत, रिटेनर बोटांनी वर ओढून लॉक पक्के बसल्याची खात्री करावी आणि मग मोजमाप घ्यावे. यासाठी उंची मोजण्याचा खास मायक्रोमीटर मिळतो. तो नसेल तर टेलिस्कोपिक गेज आतल्या अंतरात उघडून त्यावर व्हर्निअर लावला तरी काम भागते. बैठकीवर मूळची पातळ चकती असेल तर ती जागेवर ठेवूनच मोजावे. डबल स्प्रिंग असल्यास आतल्या स्प्रिंगसाठी रिटेनरवर वेगळी पायरी असते, तिचे अंतर वेगळे मोजावे लागते. बाहेरच्या स्प्रिंगला भरपूर जागा असताना आतली आधी मिटून बसल्याची उदाहरणे वर्कशॉपमध्ये पाहायला मिळतात.

येथे एक सूक्ष्म मुद्दा आहे. हेडचे सीट कटिंग आणि व्हॉल्व्ह ग्राइंडिंग झाले की व्हॉल्व्ह सीटमध्ये थोडा खोल जातो, त्याची दांडी वरच्या बाजूला तेवढीच बाहेर येते आणि बसवलेली उंची वाढते. उंची वाढली की स्प्रिंग कमी दाबली जाते आणि बंद स्थितीतले बळ घटते. म्हणून मोजमाप हे सर्व काम उरकल्यावर घ्यावे, आधी नव्हे.

दुसरे अंतर म्हणजे स्प्रिंगची मिटलेली उंची, म्हणजे सर्व वेटोळी एकमेकांना टेकल्यावर उरणारी उंची. या अवस्थेला कॉइल बाइंड म्हणतात. स्प्रिंग व्हाइसमध्ये सपाट पट्ट्यांमध्ये धरून, ती बाजूला निसटणार नाही याची काळजी घेत, वेटोळी टेकेपर्यंत दाबावी आणि व्हर्निअरने उंची घ्यावी. डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय हे काम करू नये. बसवलेल्या उंचीतून व्हॉल्व्हची लिफ्ट वजा केली की पूर्ण उघड्या स्थितीतली उंची मिळते. ती मिटलेल्या उंचीपेक्षा साधारण १ ते १.५ मिमी जास्त असावी. यापेक्षा कमी अंतर ठेवणे नवख्याने टाळावे, कारण कॉइल बाइंड झाला तर कॅमला पुढे सरकायला जागा उरत नाही आणि पुशरॉड (टॅपेटपासून रॉकरपर्यंत जाणारी दांडी) वाकणे, रॉकर तुटणे किंवा कॅमचा माथा खरवडला जाणे यांपैकी काहीतरी अटळ होते. उलट हे अंतर अवास्तव जास्त ठेवणेही योग्य नाही, कारण वेटोळी जितकी मोकळी तितकी त्यांना थरथरायला अधिक वाव मिळतो.

तिसरे अंतर रिटेनरच्या खालच्या बाजूपासून व्हॉल्व्ह ऑईल सीलच्या वरच्या कडेपर्यंतचे. लिफ्ट वाढली की रिटेनर तेवढाच खाली येतो आणि सीलवर आपटू शकतो. लिफ्ट वजा केल्यावर किमान १.५ मिमी अंतर शिल्लक राहिले पाहिजे. ते राहत नसेल तर गाइडचा, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या नळीचा, वरचा भाग मशीन शॉपमध्ये कापून कमी करता येतो किंवा कमी उंचीचे सील वापरता येते. भोसरी-चिंचवडच्या पट्ट्यात हेडचे काम करणाऱ्या शॉपसाठी हे अवघड काम नाही, पण किती कापायचे तो आकडा आपण मोजून द्यायचा असतो.

याच वेळी व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यातले अंतरही तपासावे. हा स्प्रिंगचा विषय वाटत नाही, परंतु फ्लोट झाला तर सर्वांत आधी हेच अंतर संपते. पिस्टनच्या माथ्यावर मॉडेलिंगच्या मातीचा थर देऊन, हेड बसवून, इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे सावकाश फिरवावे आणि मातीवर उमटलेल्या खळग्यातला सर्वांत पातळ थर कापून मोजावा. सर्वसाधारणपणे इनटेककडे सुमारे २ मिमी आणि एक्झॉस्टकडे सुमारे २.५ मिमी अंतर राखले जाते. एक्झॉस्टकडे जास्त अंतर ठेवण्याचे कारण असे की एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी बंद होत असलेल्या व्हॉल्व्हचा पिस्टन पाठलाग करत असतो, आणि व्हॉल्व्ह जरा मागे पडला तरी धडक होते.

तिसरी पायरी: बळाचा हिशेब

आकड्यांशिवाय हा भाग समजत नाही, म्हणून समजावण्यापुरते एक उदाहरण घेऊ. पुढचे सर्व आकडे गृहीत धरलेले आहेत. ते कोणत्याही विशिष्ट गाडीचे समजू नयेत.

मूळ कॅमची व्हॉल्व्ह लिफ्ट ८.२ मिमी आहे. मूळ स्प्रिंगची बसवलेली उंची ३४ मिमी, मिटलेली उंची २४.३ मिमी, बंद स्थितीतले बळ १८० न्यूटन आणि स्प्रिंग रेट २२ न्यूटन प्रति मिमी आहे. रेट म्हणजे स्प्रिंग १ मिमी अधिक दाबण्यासाठी लागणारे जास्तीचे बळ. मूळ स्थितीत स्प्रिंगला ९.७ मिमी दाबता येते, लिफ्ट ८.२ आहे, म्हणजे १.५ मिमी शिल्लक राहते, आणि पूर्ण उघड्या स्थितीतले बळ १८० अधिक २२ गुणिले ८.२, म्हणजे सुमारे ३६० न्यूटन येते.

आता नवा कॅम १०.२ मिमी लिफ्टचा आहे. ९.७ मिमीच दाबली जाणारी स्प्रिंग त्याला पुरणार नाही, हे पहिल्याच वजाबाकीत कळते. पण मिटण्याची अडचण नसती तर बळ पुरले असते का, तेही पाहू. समजा, कॅमच्या माथ्यावर व्हॉल्व्हचा वेग कमी होण्याचे प्रमाण कॅमच्या अंशाच्या वर्गामागे ०.००८ मिमी आहे आणि हलणाऱ्या भागांचे व्हॉल्व्हच्या बाजूला आणून मोजलेले वस्तुमान १०० ग्रॅम आहे. ७५०० आरपीएमला कॅम सेकंदाला २२,५०० अंश फिरतो, त्यावरून त्वरण सेकंदाच्या वर्गामागे ४०५० मीटर आणि त्याला आवर घालायला लागणारे बळ ४०५ न्यूटन निघते. मूळ स्प्रिंग १०.२ मिमी लिफ्टला ४०४ न्यूटन देते. म्हणजे हाती काहीच उरत नाही.

यासाठी एक नवी स्प्रिंग पाहू: मोकळी लांबी ४४ मिमी, रेट २६ न्यूटन प्रति मिमी, मिटलेली उंची २३.५ मिमी. वेगळ्या रिटेनरमुळे बसवलेली उंची ३५ मिमी मिळते असे धरू. बंद स्थितीत ती ९ मिमी दाबलेली असेल, म्हणजे बळ २३४ न्यूटन. पूर्ण उघडल्यावर १९.२ मिमी दाबलेली, म्हणजे बळ सुमारे ४९९ न्यूटन. आणि मिटण्याआधी १.३ मिमी शिल्लक. ४०५ च्या गरजेपेक्षा हे बळ सुमारे २३ टक्क्यांनी अधिक आहे. प्रत्यक्षात रॉकर आणि पुशरॉड वाकतात, स्प्रिंग थरथरते आणि गरम होऊन थोडी ढिली पडते, त्यामुळे २० ते ३० टक्क्यांची राखीव ताकद मला योग्य वाटते. हीच स्प्रिंग ८००० आरपीएमला नेली तर गरज ४६१ न्यूटनवर जाते आणि राखीव ताकद जेमतेम ८ टक्के उरते. त्या वेगाला ती नाकारावी.

अनेक जण येथे स्प्रिंगखाली शिम घालून बळ वाढवण्याचा मार्ग काढतात. याच उदाहरणात ०.७६ मिमीची शिम घातली तर बंद आणि उघड्या अशा दोन्ही स्थितींत बळ सुमारे २० न्यूटनने वाढेल, परंतु मिटण्याआधीचे अंतर १.३ वरून ०.५४ मिमीवर येईल. शिम ही वेगवेगळ्या व्हॉल्व्हांची बसवलेली उंची एकसारखी करण्यासाठी असते; कमी ताकदीच्या स्प्रिंगला सुधारण्यासाठी तिचा वापर करणे धोक्याचे आहे.

परदेशी पाकिटांवर आकडे पौंड आणि इंचात असतात. १ पौंड बळ म्हणजे ४.४५ न्यूटन, १ इंच म्हणजे २५.४ मिमी, आणि इंचामागे पौंडात दिलेल्या रेटला ०.१७५ ने गुणले की मिमीमागे न्यूटन मिळतात.

टर्बो असलेल्या इंजिनात आणखी एक बाब मोजावी लागते. इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर बूस्टचा, म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेचा, दाब येतो आणि तो व्हॉल्व्ह उघडण्याच्या दिशेने काम करतो. ३५ मिमी व्यासाच्या व्हॉल्व्हवर १ बार बूस्ट असेल तर हे बळ सुमारे ९६ न्यूटन होते, आणि बंद स्थितीतल्या बळात साधारण तेवढी भर घालावी लागते.

जास्त कडक स्प्रिंगची किंमत

गरजेपेक्षा कडक स्प्रिंग घेतली तर सुरक्षितता वाढते, असे वाटणे साहजिक आहे. पण कॅम आणि टॅपेट यांच्यातला दाब वाढला की तेलाचा थर फाटतो आणि कॅमचा माथा झिजू लागतो. सपाट तळाचे टॅपेट असलेल्या जुन्या पुशरॉड इंजिनात हा धोका सर्वाधिक असतो, म्हणून अशा इंजिनात डबल स्प्रिंग बसवायची असल्यास कॅमचे रनिंग-इन करताना (नवा कॅम सुरुवातीला चालवून रुळवताना) आतली स्प्रिंग काढून ठेवण्याची पद्धत आहे. हायड्रॉलिक टॅपेट असल्यास अतिकडक स्प्रिंग टॅपेटला दाबून लिफ्ट कमी करते. रोलर रॉकर किंवा लेप दिलेले फिंगर फॉलोअर (कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधली लहान तरफ) असतील तर थोडी अधिक मोकळीक मिळते, इतकेच.

कडक स्प्रिंगऐवजी हलणारे वजन कमी करणे हा अधिक चांगला उपाय आहे. वरच्याच उदाहरणात हलका रिटेनर आणि लहान स्प्रिंग वापरून १०० ग्रॅमचे ९० ग्रॅम झाले, तर ७५०० आरपीएमची गरज ४०५ वरून ३६५ न्यूटनवर येते आणि कॅमवरचा भारही वाढत नाही. टायटॅनियमचे रिटेनर यासाठीच असतात, मात्र ते महाग असतात आणि त्यांच्या कडा झिजतात का हे वेळोवेळी पाहावे लागते. पहिल्याच कामात चांगल्या पोलादाचा हलका रिटेनर पुरेसा आहे.

स्प्रिंगचा प्रकार

स्प्रिंगला स्वतःची कंपनसंख्या असते आणि कॅम तिला सतत छेडत असतो. ९००० आरपीएमला कॅम सेकंदाला ७५ वेळा फिरतो. स्प्रिंगची कंपनसंख्या ४५० असेल तर कॅमच्या गतीतला सहावा घटक बरोबर तिच्यावर येऊन आदळतो, वेटोळ्यांतून लाट पळू लागते आणि कागदावर पुरेसे असलेले बळ ऐन वेळी कमी पडते. कंपनसंख्या जितकी जास्त, तितका तिला छेडणारा घटक वरचा आणि दुबळा. डबल स्प्रिंगमध्ये आतली स्प्रिंग उलट्या दिशेने वळलेली असते आणि दोघींच्या घर्षणाने ही लाट दबते. काही स्प्रिंगांत याच कामासाठी मध्ये चपट्या पट्टीची डॅम्पर स्प्रिंग असते. बीहाइव्ह, म्हणजे वर निमुळती होणारी स्प्रिंग, एकाच कंपनसंख्येला अडकून पडत नाही, तिचा रिटेनर लहान व हलका असतो, आणि रॉकरलाही तिच्यावर मोकळी जागा मिळते. जागा जुळत असेल तर मध्यम लिफ्टच्या कामाला मी नवख्याला बीहाइव्हच सुचवेन. बळ खूप लागत असेल तेव्हा डबल स्प्रिंग. तिचा एक फायदा असा की एक तुटली तरी दुसरी व्हॉल्व्हला सिलिंडरमध्ये पडू देत नाही.

साहित्य बहुधा क्रोम-सिलिकॉन पोलादाचे असते आणि वरचा थर शॉट पीनिंग करून (बारीक गोळ्यांचा मारा करून) दृढ केलेला असतो. याहून खोलात जाण्याची सुरुवातीला गरज नाही.

खरेदी आणि तपासणी

नाना पेठेत दुचाकीच्या सुट्या भागांची दुकाने ओळीने आहेत, आणि एका गाडीची स्प्रिंग दुसऱ्या गाडीला ‘चालते’ असे तेथे सहज सांगितले जाते. कधीकधी ती खरोखर चालते. पण तिचा बाहेरचा व्यास बैठकीत बसतो का, आतला व्यास रिटेनरच्या पायरीवर घट्ट बसतो का, मिटलेली उंची किती आणि रेट किती, हे चारही प्रश्न मोजूनच सोडवावेत. नजरेने तारेची जाडी ताडणे तर अगदीच टाळावे, कारण रेट जाडीच्या चौथ्या घाताने बदलतो: इतर मापे तीच ठेवून तार ४ वरून ४.२ मिमी केली तर रेट सुमारे २२ टक्क्यांनी वाढतो, आणि हा ०.२ मिमीचा फरक डोळ्यांना दिसत नाही.

बळ मोजण्यासाठी स्प्रिंग टेस्टर असलेले शॉप गाठावे. ते शक्य नसेल तर पिलर ड्रिलखाली चांगला वजनकाटा ठेवून, वर आणि खाली सपाट प्लेट घेऊन, मशीन बंद ठेवून हाताने दांडा खाली आणावा. व्हर्निअरने उंची ३५ मिमी झाली की काट्यावर सुमारे २३.९ किलो आणि २४.८ मिमी झाली की सुमारे ५०.९ किलो दिसले, तर आपल्या उदाहरणातली स्प्रिंग पाकिटावर लिहिल्याप्रमाणे आहे. संचातल्या प्रत्येक स्प्रिंगचे दोन्ही आकडे टिपून ठेवावेत आणि जी इतरांपेक्षा स्पष्टपणे वेगळी निघेल ती बदलून घ्यावी.

स्प्रिंगच्या पृष्ठभागाला जपणे हे बळाइतकेच महत्त्वाचे आहे. तारेवरचा बारीक ओरखडा किंवा गंजाचा ठिपका हीच पुढे तडा सुरू होण्याची जागा ठरते. पक्कड लावणे, पंच मारून खुणा करणे, उघड्या टेबलावर स्प्रिंगा तशाच ठेवणे, हे सर्व टाळावे. पुण्याच्या पावसाळ्यात एका रात्रीत पोलादावर तांबूस छटा चढते, त्यामुळे काम अर्धवट राहिले तर स्प्रिंगा तेलात बुडवून झाकून ठेवाव्यात. गंजाचे खड्डे दिसणारी स्प्रिंग घासून साफ करून वापरू नये. ती टाकून द्यावी.

बसवणे आणि पहिल्यांदा चालवणे

ज्या स्प्रिंगची वेटोळी एका टोकाला दाट असतात तिचे दाट टोक हेडच्या बाजूला, खाली ठेवावे, म्हणजे हलणारे वजन कमी राहते. लॉक बसवताना दांडीच्या खाचेत ग्रीसचा ठिपका दिला की ते जागेवर थांबतात. कॉम्प्रेसर सोडल्यावर दोन्ही लॉक सारख्या उंचीवर आले आहेत का ते उजेडात पाहावे आणि दांडीवर प्लास्टिकच्या हातोडीने हलकी थाप द्यावी. मग प्लग काढून इंजिन पान्याने दोन पूर्ण फेरे फिरवावे आणि प्रत्येक व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना वेटोळ्यांमध्ये फीलर गेजची पाती घालून पाहावी. सर्व फटींची बेरीज कागदावरच्या १.३ मिमीच्या जवळपास आली पाहिजे. रॉकरची बाजू रिटेनरला घासत नाही ना, हेही याच फेऱ्यांत दिसते.

नव्या स्प्रिंगा पहिल्यांदा तापल्यावर थोडे बळ गमावतात. म्हणून इंजिन मध्यम आरपीएमला तापवून पूर्ण थंड होऊ द्यावे, टॅपेट पुन्हा सेट करावे आणि त्यानंतरच वरच्या आरपीएमकडे जावे. ठरलेल्या आरपीएमच्या आधीच ताकद एकदम पडत असेल आणि वरून खडखडाट ऐकू येत असेल तर फ्लोटची शंका घ्यावी. मात्र इग्निशनचे मिसफायरही असेच जाणवते, म्हणून प्लग आणि कॉइल आधी तपासावेत. रेव्ह लिमिटर मूळचाच असेल तर तो ठरवलेल्या आकड्यावर आणणे विसरू नये. चुकीचा गिअर पडून इंजिन वर खेचले गेले तर लिमिटर काहीच करू शकत नाही, हे चालवणाऱ्यालाही माहीत असले पाहिजे.

स्पर्धेच्या काही फेऱ्यांनंतर स्प्रिंगा पुन्हा काट्यावर घ्याव्यात आणि सुरुवातीला टिपलेल्या आकड्यांशी ताडून पाहाव्यात. बंद स्थितीतले बळ १० टक्क्यांहून अधिक घटले असेल तर संच बदलावा. एखादीच स्प्रिंग तुटली असेल तरीही सर्व बदलाव्यात, कारण बाकीच्यांनी तेवढेच फेरे सोसलेले असतात. आणि तुटलेल्या स्प्रिंगच्या व्हॉल्व्हची दांडी, लॉकची खाच, रिटेनर आणि त्याखालची बैठक भिंगाखाली तपासल्याशिवाय नवा संच चढवू नये.